अंतर एक, वेळा अनेक: उड्डाणवेळ सांगणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
दोन विमानतळांमधले अंतर आणि प्रवासाची वेळ मोजून देणाऱ्या ॲप, नकाशे आणि तिकीट-सेवांचे कर्ते

विषय: दूरच्या प्रवासाची वेळ एकाच आकड्यात देणे बंद करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

विमानतळांची दोन नावे टाकली की तुमची यंत्रणा क्षणात दोन आकडे देते, इतके किलोमीटर आणि इतके तास. जवळच्या प्रवासात हे चालून जाते. पण अंतर सात-आठ हजार किलोमीटरच्या पुढे गेले की तासांचा आकडा सर्रास चुकतो, आणि किलोमीटरचा आकडा बरोबर असला तरी विमान तेवढेच अंतर कापते असा समज करून देतो. लोक त्यावर पुढची गाडी ठरवतात, औषधांच्या वेळा ठरवतात, घ्यायला येणाऱ्या माणसाला वेळ कळवतात. म्हणून आमची मागणी एवढीच आहे: वेळ दिशेप्रमाणे आणि मोसमाप्रमाणे द्या, आणि जिथे न थांबता जाणारे विमानच नाही तिथे उड्डाणवेळ दाखवू नका.

तुमच्यापैकी अनेकांचे सूत्र एका ओळीचे आहे. पृथ्वीच्या गोलावरचे सर्वांत जवळचे, म्हणजे बृहद्वृत्तावरचे अंतर घ्यायचे, ताशी ५०० मैलांनी (सुमारे ८०५ किलोमीटर) भागायचे आणि चढ-उतारासाठी अर्धा तास मिळवायचा. सिंगापूर–न्यूअर्कला (न्यूयॉर्कजवळचे विमानतळ) ते लावून पाहा. अंतर १५,३४४ किलोमीटर, उत्तर १९ तास ३४ मिनिटे. वेग ९०० धरला तर १७ तास ३३ मिनिटे. ही सेवा २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली तेव्हा सिंगापूर एअरलाइन्स या कंपनीने जाहीर केलेली वेळ होती १८ तास ४५ मिनिटांपर्यंत. म्हणजे एका वेगाने उत्तर पाऊण तासाहून पुढे जाते आणि दुसऱ्याने तासाहून मागे राहते. मधला एखादा वेग निवडून हे जुळवता येईल, पण ते जुळणे त्या एका मार्गापुरतेच असेल. कारण त्याच वेळी कंपनीने सांगितलेले प्रत्यक्ष उड्डाणाचे अंतर १५,३४४ नव्हतेच, ते सुमारे १६,७०० किलोमीटर होते. या दोन शहरांमधली सर्वांत जवळची रेषा उत्तर ध्रुवापासून अडीचशे किलोमीटरच्या आतून जाते. विमान तिथून न जाता पॅसिफिकवरून वळसा घेते, कारण तिकडे पाठीशी वारा मिळतो.

याहून बोलके उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचे. नकाशावरचे जवळचे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. अटलांटिकवरून जाणारा जुना मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने हे विमान पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, तेव्हा मार्ग १५,३०० किलोमीटरच्या आसपास गेला. अंतर १,४०० किलोमीटरने वाढले आणि वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी झाला, साडेचौदा तासांवर आला. तुमच्या सूत्रात अंतर वाढले की वेळ वाढतोच. हे उदाहरण त्यात कुठे बसवणार?

हे घडते कशामुळे, ते थोडे मोजून सांगतो. लांब पल्ल्याची आजची विमाने, बोईंग ७८७ किंवा एअरबस ए-३५०, साधारण मॅक ०.८५ ने, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ०.८५ पट वेगाने उडतात. अकरा किलोमीटरच्या वर प्रमाणित तापमान उणे ५६.५ अंश असते. त्या हवेत हा वेग सुमारे ४८८ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर), म्हणजे ताशी ९०० किलोमीटरच्या थोडा वर होतो. लहान विमाने, ७३७ किंवा ए-३२०, मॅक ०.७८ च्या आसपास, म्हणजे ताशी ८३० किलोमीटर. हा वेग हवेच्या तुलनेत आहे. जमिनीवरचा वेग त्यात वारा मिळवून किंवा वजा करून येतो, आणि नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरचे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह हिवाळ्यात १०० नॉट सहज ओलांडतात, कधी २०० च्या वर जातात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यावर स्वार झालेले एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. उलट दिशेला त्याच दोन विमानतळांमध्ये वेळापत्रक आठ तासांच्या आसपास असते.

यावर तुमच्याकडून सरासरीचा तोडगा येतो. जाताना जे गमावले ते येताना परत मिळते, असे त्यामागचे गृहीत. ते मिळत नाही. ६,००० किलोमीटरचा मार्ग आणि ताशी ९०० चा वेग घ्या. वारा नसेल तर जाऊन-येऊन १३ तास २० मिनिटे. ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल तर एका दिशेला सहा तास आणि दुसऱ्या दिशेला साडेसात, बेरीज साडेतेरा. दहा मिनिटे कायमची गेली, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असते. शिवाय सरासरी काढून पावणेसात तास छापले, तर ते दोन्ही दिशांना पाऊण तासाने चूक.

आडवा वाराही फुकट नसतो. ४८० नॉटच्या विमानाला १०० नॉटचा अगदी काटकोनातला वारा लागला तर नाक वाऱ्याकडे वळवून उडावे लागते आणि पुढे जाण्याचा वेग सुमारे ४६९ नॉट उरतो. लांब मार्गावर हे दोन टक्के म्हणजे वीस-पंचवीस मिनिटे.

(पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणारे विमान लवकर का पोहोचत नाही, हा प्रश्न तुमच्या मदत-पानांवरही दिसतो आणि काही ठिकाणी त्याला विचित्र उत्तरे दिलेली आहेत. हवा पृथ्वीबरोबरच फिरते. फरक वाऱ्याचा आहे, फिरण्याचा नाही.)

वाऱ्यानंतर येते हवाई हद्द, आणि तिथे तुमचा आकडा एका रात्रीत जुना होऊ शकतो. हेलसिंकी–टोकियो जवळच्या रेषेने सुमारे ७,८०० किलोमीटर. सैबेरियावरून जाता येत होते तोपर्यंत हा प्रवास साडेनऊ तासांच्या आसपासचा होता. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाची हद्द बंद झाली आणि विमाने ध्रुवाकडून किंवा दक्षिणेकडून वळसा घेऊ लागली. वेळ तेरा तासांच्या घरात गेली. विमानतळ जागचे हलले नाहीत, बृहद्वृत्तही तेच, म्हणून तुमची यंत्रणा जुनीच वेळ दाखवत राहिली. २७ फेब्रुवारी ते १६ जुलै २०१९ या काळात पाकिस्तानची हद्द बंद होती तेव्हा दिल्लीहून इस्तंबूलला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी दोह्यात उतरावे लागत होते. न थांबता जाणारा प्रवास थांब्याचा झाला, हे कोणत्याही सूत्रातून निघणार नाही. त्यासाठी चालू वेळापत्रकच पाहावे लागते.

हद्द मोकळी असली तरी रेषा सरळ नसते. तिबेटच्या पठाराची सरासरी उंची साडेचार हजार मीटरच्या वर आहे. केबिनमधला दाब गेला तर विमानाला तातडीने दहा हजार फुटांवर यावे लागते, आणि वरून पडणाऱ्या मास्कमधला ऑक्सिजन बहुतेक विमानांत बारा ते वीस मिनिटे पुरतो. खाली डोंगरच त्याहून उंच असतील तर उतरायचे कुठे? म्हणून बहुतेक मार्ग त्या पठाराला बगल देतात. समुद्रावरची अडचण वेगळी. दोन इंजिनांच्या विमानाने एक इंजिन बंद पडल्यावर ठरावीक मिनिटांत पर्यायी विमानतळ गाठता येईल अशाच वाटेने जायचे असते. आज काही विमानांना ३३० ते ३७० मिनिटांपर्यंतची मुभा आहे, तरी ती मिळवणे, सांभाळणे आणि तेवढे इंधन वाहणे हा प्रत्येक कंपनीचा स्वतंत्र हिशेब असतो. सिडनी–सँटियागोची जवळची रेषा ६१ अंश दक्षिणेच्याही खाली जाते. त्या वाटेवर उतरायला जागाच नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष मार्ग बऱ्याचदा उत्तरेकडे सरकतो. ध्रुवाजवळ आणखी दोन गोष्टी आड येतात: विषुववृत्तावरचे दळणवळण उपग्रह साधारण ८२ अंशांपलीकडे नीट दिसत नाहीत, आणि अति थंड हवेत इंधनाच्या तापमानावर नजर ठेवावी लागते, कारण जेट-ए उणे ४० ला आणि जेट-ए-१ उणे ४७ ला गोठू लागते.

आता अंतराकडे. तुमची बहुतेक गणिते पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल धरतात. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे. विषुववृत्ताची त्रिज्या ६,३७८.१ किलोमीटर आणि ध्रुवीय ६,३५६.८. लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके गोलावर ५,५४० किलोमीटर येते, लंबगोलावर ५,५५४. प्रवाशाला चौदा किलोमीटरने काही फरक पडत नाही, हे मान्य. पण युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम रखडलेल्या विमानांची भरपाई बृहद्वृत्तावरच्या अंतराने ठरवतो. १,५०० आणि ३,५०० किलोमीटर या त्याच्या सीमारेषा आहेत. पहिल्या टप्प्यात २५० युरो, मधल्यात ४००, आणि ३,५०० च्या पुढे साधारणपणे ६००. सीमेच्या अगदी जवळच्या जोडीत पाच-दहा किलोमीटरची चूक सरळ पैशात मोजली जाते. तेव्हा डब्ल्यूजीएस-८४ चा, म्हणजे जीपीएस वापरते तो लंबगोल वापरा. मात्र लंबगोलावरचे अंतर काढणारे विन्सेंटीचे १९७५ चे सूत्र जसेच्या तसे घेऊ नका. पृथ्वीच्या जवळजवळ अगदी विरुद्ध टोकांना असलेल्या बिंदूंसाठी त्याची पुनरावृत्ती (उत्तर टप्प्याटप्प्याने जवळ आणणारी फेरी) कधी फार सावकाश जुळते, कधी जुळतच नाही, आणि यंत्रणा शून्य किंवा कचरा आकडा दाखवते. चार्ल्स कार्नी यांची २०१३ ची पद्धत तिथेही चालते आणि तिचे कोड मोफत मिळते.

सूत्रापेक्षा जास्त चुका मात्र अक्षांश-रेखांशांच्या यादीत सापडतात. अंश-मिनिटे दशांश समजून भरली की ३३ अंश ५७ मिनिटांचे ३३.५७ होते, खरे हवे ३३.९५. उत्तर-दक्षिणेला ४२ किलोमीटरची चूक झाली. पश्चिम रेखांशाचे उणे चिन्ह सुटले की न्यूयॉर्क मध्य आशियात जाते, ते निदान लगेच दिसते. न दिसणारी चूक विमानतळाच्या तीन अक्षरी कोडची. एप्रिल २०१९ मध्ये इस्तंबूलचे आयएसटी हे कोड अतातुर्क विमानतळाकडून सुमारे ३२ किलोमीटर दूर असलेल्या नव्या विमानतळाकडे गेले आणि जुन्याला आयएसएल मिळाले. बेंगळुरूचे कोड २००८ मध्ये असेच नव्या विमानतळाकडे सरकले. म्हणून यादीत कोडसोबत ते कधीपासून लागू आहे ती तारीख ठेवा. आणि एका नावाची दोन ठिकाणे असतील तर देश विचारा. कॅलिफोर्नियाचे सॅन होजे आणि कोस्टा रिकाचे सॅन होजे, ऑस्ट्रेलियाचे सिडनी आणि कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातले सिडनी, इंग्लंडचे बर्मिंगहॅम आणि अलाबामाचे. चुकीच्या सिडनीचे तिकीट काढलेले प्रवासी ही विमानतळांवर ऐकू येणारी थट्टा नाही, खरोखर घडलेली गोष्ट आहे.

वेळेच्या बाबतीत एक साधा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलेला दिसत नाही: कोणती वेळ? चाके जमीन सोडतात तिथपासून टेकतात तिथपर्यंतची, की गेटवरून मागे ढकलल्यापासून दुसऱ्या गेटवर चाकांना अडण्या लावेपर्यंतची? पहिली हवेतली, दुसरी ब्लॉक टाइम. कंपन्यांचे वेळापत्रक ब्लॉक टाइमवर चालते. मोठ्या विमानतळावर निघताना धावपट्टीपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे आणि उतरल्यावर दहा मिनिटे सहज जातात. त्यात कंपन्या थोडी उसंत राखून ठेवतात, कारण ठरल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत पोहोचले की विमान वेळेवर आले असे धरले जाते. विक्रमांच्या बातम्यांमधली वेळ बहुधा हवेतली असते. तुमच्या पानावर दोन्ही एकमेकांशेजारी, नाव न देता येतात आणि वाचणाऱ्याला वाटते की कुणीतरी खोटे बोलते आहे.

घड्याळांचा गोंधळ तर संपूर्ण टाळता येण्यासारखा. प्रमाणवेळेचा फरक आकड्यात साठवू नका, आयएएनए या संस्थेच्या वेळ-क्षेत्रांच्या यादीतले क्षेत्राचे नाव साठवा आणि फरक त्या तारखेला काढा. लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यात बहुतेक वर्ष पाच तासांचा फरक असतो, पण अमेरिकेची घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि युरोपची शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे तो चार तासांचा होतो. ऑक्टोबरच्या शेवटी आठवडाभर पुन्हा तसेच. सिडनी आणि लंडन यांच्यात तो वर्षभरात नऊ, दहा आणि अकरा असा फिरतो. नेपाळ पाच तास पंचेचाळीस मिनिटांवर आहे. अर्ध्या तासाला गोल करणारी यंत्रणा तिथे कायम चुकेल.

वाररेषा ओलांडताना तारीख सांभाळा. जुलैत सिडनीहून सकाळी दहाला निघालेले आणि साडेतेरा तास उडालेले विमान लॉस एंजेलिसला त्याच दिवशी सकाळी साडेसहाला पोहोचते. निघण्याआधीच पोहोचले, म्हणून काही यंत्रणा त्यात चोवीस तास मिळवून मोकळ्या होतात. समोआतील आपियाहून अमेरिकन समोआतील पागो पागो जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर आहे आणि दोन्हींच्या घड्याळांत बरोबर चोवीस तासांचा फरक आहे. तास-मिनिटे तीच, तारीख आदल्या दिवशीची. फरक फक्त तास-मिनिटांत मोजणाऱ्या यंत्रणेला तो शून्य दिसतो.

आणि सर्वांत दिशाभूल करणारी गोष्ट: नसलेल्या विमानाची वेळ. ब्युनोस आयर्स–टोकियो सुमारे १८,३०० किलोमीटर. तुमचे उत्तर २३ तास. आज नियमित धावणारा सर्वांत लांब विनाथांबा मार्ग सिंगापूर–जेएफके, १५,३४९ किलोमीटर. तोही खास जास्त इंधन मावणाऱ्या ए-३५० च्या प्रकाराने चालतो आणि वजन आवरण्यासाठी त्यात फक्त १६१ आसने आहेत. म्हणजे २३ तासांचे ते विमान कुठेही नाही. खरा प्रवास दोन उड्डाणांचा आणि मधल्या थांब्याचा, सव्वा दिवसाच्या आसपासचा. त्यात प्रत्येक विमानतळाने ठरवलेला जोडणीचा किमान वेळ येतो, तो टर्मिनल बदलले की वाढतो. अमेरिकेतून पुढे जायचे असेल तर सहसा पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन करून, सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते, नुसते विमान बदलायला उतरणाऱ्यालाही व्हिसा लागू शकतो. दोन वेगळी तिकिटे काढलेल्याचे पहिले विमान उशिरा आले तर दुसरी कंपनी त्याला बांधील नसते. यातले काहीच २३ या आकड्यात नाही. जाता जाता, डायरेक्ट आणि नॉनस्टॉप हे एकच समजू नका. सिडनी–सिंगापूर–लंडन एकाच क्रमांकाने जाणारे विमान डायरेक्ट आहे, पण मध्ये उतरते.

दुरुस्ती फार महाग नाही. जिथे नियमित विनाथांबा सेवा आहे तिथे गणित करूच नका, वेळापत्रकातला ब्लॉक टाइम घ्या, दोन्ही दिशांचा आणि दोन्ही मोसमांचा. विमानसेवांचा उन्हाळी मोसम मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो आणि हिवाळी ऑक्टोबरच्या, तेव्हा वर्षातून दोनदा नक्की आणि हद्द बंद झाल्याची सूचना आली की लगेच आकडे बदला. जिथे वेळापत्रक नाही पण अंदाज द्यायचाच आहे, तिथे लंबगोलावरच्या अंतरात वळशाची भर घाला. इकाओचा (आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेचा) कार्बन गणक लांब मार्गांना सरसकट १२५ किलोमीटर मिळवतो. वरची उदाहरणे पाहता ही भर किमान समजा. मग विमानाच्या प्रकाराप्रमाणे वेग घ्या, आणि मार्गाचे शंभर-दीडशे किलोमीटरचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यावर वाऱ्याचा मार्गाच्या दिशेतला भाग काढा. ईआरए-५ या हवामान-माहितीसंचातली वाऱ्यांची जुनी नोंद मोफत आहे. त्यात उंची हवेच्या दाबाने दिलेली असते: २५० हेक्टोपास्कलची पातळी म्हणजे साधारण ३४,००० फूट, २०० ची साडेअडतीस हजार. तुकड्यांच्या वेळांची बेरीज करा, वेगांची सरासरी नको. शेवटी चढ-उतारासाठी दहा-पंधरा मिनिटे, जमिनीवरच्या हालचालीसाठी अर्धा तास. उत्तर एका आकड्यात न देता पल्ल्यात द्या, त्याखाली ते अंदाजाचे आहे की वेळापत्रकाचे हे लिहा.

बदल केल्यावर पाच जोड्यांवर तपासा. न्यूयॉर्क–लंडन जाताना आणि येताना वेगळी वेळ यायला हवी. सिडनी–जोहान्सबर्ग पश्चिमेला चौदा तासांच्या आसपास आणि परत सुमारे बारा. आपिया–पागो पागोची पोहोचण्याची तारीख आदल्या दिवसाची. माद्रिद–ऑकलंड या जवळजवळ विरुद्ध टोकांच्या जोडीचे अंतर शून्य किंवा रिकामे येता कामा नये. आणि ब्युनोस आयर्स–टोकियोला उड्डाणवेळेच्या जागी ‘विनाथांबा विमान नाही’ असे शब्द दिसले पाहिजेत. यातले एकही चुकले तर ते पान लोकांसमोर आणू नका.

आपले,
उड्डाण-नियोजन आणि वेळापत्रकांच्या कामातले काही जण